दुसरी हाक

१

“मी तुम्हाला हाक मारलेली नाही! आणखी किती वेळा सांगू? पाटीवर लिहून गळ्यात अडकवू का?”

“मग मी ‘हो’ कोणाला म्हणालो?”

“ते मला काय विचारता? तोंड तुमचं आहे.”

कॅप्टनसाहेब बोळातल्या आरशासमोर उभे होते. पांढरा शर्ट, खांद्यांवर सोनेरी पट्ट्या, आणि गळ्यातल्या टायची गाठ काही केल्या मधोमध येत नव्हती. मागे त्यांची बायको त्यांचा कोट घेऊन उभी होती. तो तिने घालायला धरला होता की खिडकीतून भिरकावायला, हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

“तू स्वयंपाकघरातून आवाज दिलास, मी उत्तर दिलं. संपलं. सकाळी सकाळी डोकं खाऊ नकोस.”

“काय म्हणून आवाज दिला मी?”

“म्हणजे?”

“म्हणजे शब्द काय होते? ‘अहो’ म्हटलं? ‘ऐकलं का’ म्हटलं? माझ्या तोंडून काय बाहेर पडलं ते सांगा की.”

कॅप्टनचे हात गाठीवर थांबले. आरशातल्या आरशात ते तिच्याकडे बघत राहिले, मग नजर बुटांवर गेली. बूट चकचकीत होते, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

“जबाबाला उशीर होतोय मला.”

“उशीर! तुमच्या घाईपायी एक पोर गेली, तरी तुमची घाई संपत नाही. काय सांगणार आहात तिथे?”

“जे घडलं ते.”

“काय घडलं?”

“अगं, शंभरदा सांगितलं. आम्ही उतरत होतो. जरा उंच होतो, जरा वेगात होतो. अशा वेळी शेजारच्या वैमानिकाने सावध करायचं असतं. ती गप्प राहिली.”

“पोपट गप्प राहिला?”

“मेलेल्या माणसाला असं म्हणू नये.”

“नाव कोणी ठेवलं होतं? मी?”

त्यांनी कोटासाठी हात मागे केला. तिने कोट दिला नाही. आज जबाब झाला की चौकशी मिटणार होती. दोष त्या मुलीच्या गप्प राहण्यावर जाणार होता, आणि पुढच्या महिन्यात हे पुन्हा लोकांनी भरलेलं विमान घेऊन आकाशात जाणार होते. दोघांनाही ते ठाऊक होतं. म्हणून तर कोट इतका घट्ट धरलेला होता.

२

त्या घरात हाक आणि उत्तर यांचं लग्नापासून कधी जमलं नव्हतं. बायकोने हाक मारावी, कॅप्टनने लगोलग उत्तर द्यावं, आणि पुढे काहीही होऊ नये, अशी तिथली रीत. “अहो, नळ गळतोय.” “हो हो, करतोय.” “बोळातला दिवा गेलाय.” “हो हो, करतोय.” तिच्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हाही आतून अगदी प्रसन्न आवाजात हेच आलं होतं. आई टॅक्सीने गेली. कॅप्टन आरामखुर्चीत पाय लांब करून पडले होते.

उत्तर द्यायला मात्र माणूस कधी चुकला नाही, हे कबूल करायला हवं. पहिल्याच हाकेला उत्तर. इतकं तत्पर, की परक्याला वाटावं केवढा शब्दाचा पक्का नवरा! बायकोला कळायला दोनतीन वर्षं लागली, की ते उत्तर नव्हतंच. समोरच्याच्या तोंडावर घातलेलं झाकण होतं ते.

तिने मग नळ स्वतः दुरुस्त केला. दिवेही स्वतः बसवायला शिकली. शिवणाचं मशीन घेतलं, जुने पडदे उसवून शिवण कशी असते ते बघितलं आणि मागच्या खोलीत पडदे शिवायला लागली. दवाखाने, हॉटेलं, कचेऱ्या, सगळीकडून कामं यायची. गिऱ्हाइकं तिला पडदेवाली म्हणायची आणि तिला ते आवडायचं. कॅप्टन मित्रांना सांगायचे, “तिचा आपला छंद आहे.” ह्या छंदाच्या जिवावर घराचं रंगकाम दोनदा झालं होतं, पण ते सांगण्याइतकी उंची त्या सहा फुटी देहात नव्हती.

पोपट हे नाव अशाच एका मित्रांच्या जेवणात निघालं.

“माझ्या शेजारी हल्ली एक पोपट बसवलाय,” कॅप्टन ग्लास फिरवत म्हणाले. “पोरगी आहे. नवीन. पुस्तकात लिहिलंय ते सगळं बोलते. सर, वेग जास्त आहे. सर, उंची जास्त आहे. अरे, मला डोळे नाहीत?”

सगळे हसले.

“आणि नियम काय, माहीत आहे? ती एक गोष्ट दोनदा विचारणार. दोन्ही वेळा मी उत्तर दिलं नाही, तर धरायचं की म्हातारा बेशुद्ध पडला. मग विमान माझ्या हातातून काढून घ्यायचं! त्या पोरीने! माझ्या हातातून!”

“मग तुम्ही काय करता?” कोणीतरी विचारलं.

“मी?” कॅप्टनने डोळा मारला. “मी पहिल्याच हाकेला ‘हो हो, करतोय’ म्हणून टाकतो. उत्तर मिळालं की तिला गप्प बसावं लागतं. पुढचं काही दिसलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुसऱ्या हाकेपर्यंत मी तिला पोचूच देत नाही.”

हशा पिकला. पडदेवाली रिकाम्या बशा गोळा करत होती. तिला हसू आलं नाही. झाकण तिच्या ओळखीचं होतं.

पुढच्याच महिन्यात ते झालं. संध्याकाळी कंपनीचा समारंभ होता. कधीही उशीर न करणारा वैमानिक म्हणून कॅप्टनला भिंतीवरचं घड्याळ मिळायचं होतं. रेशमी साडी नेसून बायको पहिल्या रांगेत बसली होती. विमान आधीच रखडलेलं, आणि दुरुस्तीसाठी धावपट्टी थोड्याच वेळात बंद व्हायची होती. चुकली, तर दुसऱ्या गावी उतरून बसने यावं लागलं असतं, आणि घड्याळ दुसऱ्या कोणी तरी घेतलं असतं.

उतरताना एका ठरलेल्या उंचीपर्यंत सगळं जागच्या जागी बसावं लागतं, वेग, उतार, सगळं. बसलं नसेल तर वर जायचं आणि एक फेरी मारून पुन्हा यायचं. शहाणी माणसं रोज जातात. कॅप्टन गेले नाहीत. विमान निम्मी धावपट्टी संपल्यावर टेकलं, शेवटापर्यंत थांबलंच नाही, गवतातून घसरत जाऊन कुंपणाच्या भिंतीवर आदळलं. प्रवाशांची हाडं मोडली, जीव वाचले. विमानाच्या नाकाचा उजवा भाग मात्र चेपला. उजवीकडे ती मुलगी बसली होती.

काही दिवस ती दवाखान्यात पडून होती. शब्दही न बोलता गेली.

कॅप्टनच्या भुवईवर खरचटलं होतं.

३

चुकीची गोष्ट पहिल्यांदा घडली ती एका स्वच्छ उन्हाच्या सकाळी. कॅप्टन सुट्टीवर, म्हणजे घरी बसवलेले. न्हाणीघरात दाढी चालली होती. ती मागच्या खोलीत मशीनवर बसली होती. पाय चालू, मशीनची घरघर चालू, आणि त्या घरघरीवरून आवाज आला, “हो हो, करतोय.”

तिने मशीन थांबवलं.

“काय करताय?”

न्हाणीघराचं दार उघडून फेसाने माखलेलं तोंड बाहेर आलं. “तूच हाक मारलीस ना?”

“नाही.”

“बरं,” म्हणून तोंड आत गेलं.

सवय, तिने मनाशी म्हटलं. इतकी वर्षं न ऐकता उत्तर देणारा माणूस, आता न विचारताही द्यायला लागला. बढती झाली. ती स्वतःशीच हसली आणि पाय पुन्हा मशीनवर ठेवला.

मग ते रोजचंच झालं. कॅप्टन वर्तमानपत्र वाचता वाचता म्हणायचे. चहा ओतता ओतता म्हणायचे. एकदा तर तोंडात घास असताना म्हणाले आणि ठसका लागला. दर वेळी तीच तऱ्हा. मान किंचित उजवीकडे वळायची, शब्द निघायचे आणि मान पुन्हा सरळ. जणू उजव्या खांद्याशी कोणी तरी वाकून विचारत होतं. तिने आडून सुचवलं, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या. “हो हो, करतोय,” कॅप्टन म्हणाले. ते मात्र तिला होतं.

इथवर तिच्या बुद्धीला पटत होतं. माणसाच्या डोक्याला मार बसला, मनाला टोचणी लागली. टोचणी लागण्याइतकं मन त्यांना आहे, याचंच तिला नवल वाटलं.

पण एका दुपारी ती कापडाचा तागा खांद्यावर टाकून जिना चढून आली. दाराशी टेकून किल्ली शोधत होती. आतून, मागच्या खोलीच्या दिशेने, स्पष्ट आवाज आला.

“हो हो, करतोय.”

आहेत घरात, ती म्हणाली, आणि तागा उतरवून दार ठोठावलं. कोणी आलं नाही. पुन्हा ठोठावलं.

“किल्ली हरवलीस की काय?” पाठीमागून कॅप्टन म्हणाले. ते जिना चढून येत होते. हातात वर्तमानपत्र, कपाळावर उन्हाचा घाम.

तिने दार उघडलं, तागा मागच्या खोलीत नेऊन ठेवला आणि खोलीभर बघितलं. मशीन, कात्र्या, दांडीवर लटकवलेले अर्धे शिवलेले पडदे. खिडकी बंद. आवाज इमारतीत कुठूनही येतो, भिंती पातळ असतात, शेजाऱ्याच्या घरीही नवरे असतातच, आणि सगळ्या नवऱ्यांना तेवढंच एक वाक्य येतं. तिने स्वतःची अशी समजूत घातली आणि ती अर्धीमुर्धी पटलीही.

पटली नाही ती एकच गोष्ट. भिंतीकडेला एकावर एक रचून ठेवलेल्या, गादी लावलेल्या दोन लाकडी खुर्च्या सुट्या होऊन खिडकीकडे तोंड करून शेजारी शेजारी मांडल्या होत्या. मधे एक हात जाईल इतकं अंतर.

“ह्या तुम्ही काढल्यात?” तिने हाक देऊन विचारलं.

“हो हो,” बाहेरून उत्तर आलं. त्याचा अर्थ नेहमीसारखाच, काहीच नाही.

तिने खुर्च्या पुन्हा एकावर एक ठेवल्या.

४

चौकशीवाल्याचा फोन आला तेव्हा कॅप्टन बाहेर फिरायला गेले होते. बोलणारा माणूस तरुण होता, आवाज थकलेला.

“एक छोटीशी शंका होती. अपघातानंतर कॅप्टनसाहेब पुन्हा विमानात चढले होते का?”

“कशाला चढतील? अंगाला घोंगडी गुंडाळून गाडीत बसले होते. वर्तमानपत्रात फोटो आलाय. सगळ्यांनी बघितला.”

“हो, फोटो आम्हीही बघितलाय. त्याचं असं आहे, ताई. विमानात बोलणं टिपणारा एक डबा असतो. तो फक्त शेवटचे दोन तास ठेवतो. नवीन आवाज आले की जुने पुसतो. अपघातानंतर वीज लगेच बंद करायची असते, म्हणजे उतरतानाचं बोलणं राहतं. ह्या वेळी वीज चालूच राहिली.”

“का?”

“साहेब म्हणतात, प्रवाशांना उतरताना अंधार होऊ नये म्हणून त्यांनी दिवे चालू ठेवले. पुढे गडबडीत राहून गेलं.”

पडदेवालीने डोळे मिटले. राहून गेलं! घरात नळ राहून गेला, दिवा राहून गेला, आई राहून गेली. आणि नेमकी राहायची नव्हती तेवढी वीज राहिली. गवतात आडव्या पडलेल्या विमानात, उजवीकडे ती पोर चेपलेली असताना, ह्या माणसाच्या डोक्यात पहिला विचार आला तो डब्याचा.

“मग तुमच्या डब्यात आता काय आहे?”

“रिकामं कॉकपिट. मुलीला बाहेर काढल्यावर तिथे कोणीच नव्हतं. वारा, पत्र्याची कुरकुर, लांबून गाड्यांचे आवाज. फक्त मधून मधून...”

“काय?”

“साहेबांचा आवाज आहे. अगदी जवळून. डाव्या खुर्चीतून बोलावं तसा. कोणी काही विचारल्याचं ऐकू येत नाही, नुसतं उत्तर. प्रत्येक वेळी एकच वाक्य.”

कोणतं वाक्य, हे तिने विचारलं नाही. त्यानेच सांगितलं. आपल्याच आवाजाचा भरवसा नसल्यासारखं, हळू.

“आमचे वरिष्ठ म्हणतात, आधीचं काही तरी पुसायचं राहिलं असेल. म्हणून ते जबाबात धरायचं नाही असं ठरलंय. तुम्हीही मनावर घेऊ नका, ताई.”

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहिली. ओट्यावर ऊन पडलं होतं. नळ गळत नव्हता. दिवा चालू होता. सगळं तिने स्वतःच्या हाताने केलेलं, आणि सगळं ठीक होतं.

मागच्या खोलीतून लाकूड जमिनीवर सरकल्याचा आवाज आला. एकदा. थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

ती बघायला गेली नाही. कणीक मळायला घेतली, आणि जोरजोरात मळली.

५

मुलीचे वडील जबाबाच्या आदल्या दिवशी, टळटळीत दुपारी आले. चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. बसल्या बसल्या ते स्वतःचा चष्मा काढून पुसायचे, घालायचे, पुन्हा काढायचे. कॅप्टन समोरच्या कोचावर, पायावर पाय टाकून, चेहऱ्यावर दुःखाची इस्त्री केलेली. पडदेवालीने पाणी दिलं आणि दाराशी उभी राहिली. मागच्या खोलीचं दार तिच्या पाठीशी, बंद.

“मी भांडायला आलेलो नाही,” वडील म्हणाले. “तुम्ही मोठे वैमानिक. मला त्यातलं कळत नाही. पण लोक म्हणतात, उद्या तुम्ही सांगणार आहात की ती बोलली नाही.”

“सत्य सांगावं लागतं, काका.” काका! दोघांच्या वयात चार वर्षांचंही अंतर नसेल.

“ती घरीसुद्धा दोनदा विचारायची हो. बाबा, गॅस बंद केला का? मी हो म्हणायचो. बाबा, नक्की बंद केला का? आणि तरी स्वतः उठून बघून यायची. मी चिडायचो तिच्यावर.” त्यांनी चष्मा पुसला. “अशी मुलगी विमान पडताना गप्प बसेल? मला दुसरं काही नको. तुमची नोकरी राहू दे, मान राहू दे. तिची आई अंथरुणाला खिळली आहे. तिला जाऊन सांगायचंय मला. एवढंच सांगा. ती बोलली का?”

पडदेवालीने नवऱ्याकडे बघितलं. तोंड उघड, तिने मनात म्हटलं. आयुष्यात एकदा विचारलेल्या गोष्टीचं उत्तर दे.

कॅप्टनने पुढे वाकून त्या माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“तुमची मुलगी फार गुणी होती. पण अनुभव कमी. त्या क्षणी घाबरली बिचारी. गप्प राहिली.”

“हो हो, करतोय.”

आवाज कॅप्टनचाच होता. कॅप्टनचे ओठ मिटलेले होते. आवाज पडदेवालीच्या पाठीमागून, बंद दाराच्या पलीकडून आला होता.

वडिलांनी मान वर केली. त्यांनी कॅप्टनकडे बघितलं, मग दाराकडे, मग पुन्हा कॅप्टनकडे.

“आत कोणी आहे का?”

“रेडिओ,” कॅप्टन म्हणाले. कपाळावरचा घाम भुवईवरच्या खरचटलेल्या खुणेपर्यंत आला होता.

“कोणी नाही,” पडदेवाली त्याच वेळी म्हणाली.

वडील हळूच उठले. चष्मा घातला, दारापर्यंत गेले, आणि तिथे वळून कॅप्टनला नव्हे, तिला नमस्कार केला.

६

ते गेल्यावर कॅप्टन कोचावरून हलले नाहीत. तिने मागच्या खोलीचं दार उघडलं.

घाबरलेली नव्हती, असं नाही. पण घरात ह्या माणसापेक्षा वाईट काही असेल, हे तिला पटत नव्हतं.

खोलीत भगभगीत ऊन होतं. एका दवाखान्याचे पडदे दांडीवरून खाली सोडलेले होते, पांढरे, पातळ. त्यांच्या पलीकडे, खिडकीसमोर, दोन्ही खुर्च्या शेजारी शेजारी. कापडातून त्यांच्या पाठी दिसत होत्या. वारा नव्हता, तरी पडदा मधूनच आत ओढला जात होता, कोणी दम धरून श्वास घ्यावा तसा.

ती कडेने सरकत पुढे गेली, पडदा संपतो तिथपर्यंत.

डाव्या खुर्चीत कोणी नव्हतं. पण गादी खोल दबलेली होती, जड माणसाखाली दबते तशी, आणि वर येत नव्हती.

उजव्या खुर्चीचा तिला फक्त हात दिसला. त्याहून जास्त तिने बघितलं नाही, आणि बघितलं असलं तरी नंतर स्वतःलाही सांगितलं नाही. तरुण हात, नखं आखूड कापलेली, मनगटावर घड्याळाचा पट्टा. तो पुढे आलेला होता, दोन खुर्च्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत, काही तरी धरायला उघडलेला. पण धरत नव्हता. तिथेच थांबला होता. बोटं थरथरत होती. घाबरलेल्या माणसाच्या बोटांसारखी नव्हेत. परवानगी मिळायची वाट बघणाऱ्याची बोटं अशी थरथरतात.

“हो हो, करतोय,” डावी खुर्ची म्हणाली.

हात मागे गेला. नेमाने, आज्ञाधारकपणे, मांडीवर परत.

मग पडदा मधे आला. तिने तो दूर केला तेव्हा दोन लाकडी खुर्च्या होत्या, आणि ऊन.

७

“कोट दे,” कॅप्टन म्हणाले. जबाबाची सकाळ, बोळ, आरसा.

“काल त्या माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवून खोटं बोललात.”

“तुला काय माहीत, खोटं की खरं? तू होतीस विमानात? पडदे शिवणारी बाई तू. तुला उंची कळते की वेग?”

“मला तुमचं उत्तर कळतं. जन्मभर ऐकलंय. तुम्ही तिला उत्तर दिलंत. दर वेळी, पहिल्याच हाकेला.”

“दिलं! दिलं उत्तर! मग? कॅप्टन आहे मी! ती म्हणाली वेग, मी म्हटलं करतोय. ती म्हणाली उंची, मी म्हटलं करतोय. खाली येईपर्यंत चोच मिटली नाही तिची, मी तरी किती...”

आरशातलं तोंड उघडंच राहिलं.

“म्हणजे बोलली,” पडदेवाली म्हणाली.

“ते इथे बोललो. तिथे नाही बोलणार.” टायची गाठ त्यांनी एका हिसक्याने वर ओढली, ती तरीही वाकडीच राहिली. “डब्यात काही नाही. ती नाही. तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? पुढच्या महिन्यात मी उडणार, आणि तू बस पडदे शिवत. आण तो कोट.”

ती एक पाऊल पुढे आली आणि बाहेरच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

“का देता हो तिला उत्तर, अजून?”

कॅप्टन हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्याची इस्त्री मोडली होती. खाली एक साधा, म्हातारा होत चाललेला, भेदरलेला माणूस होता.

“द्यावं लागतं. ती विचारते ना. सारखी विचारते. उत्तर दिलं की थांबते थोडा वेळ. मग पुन्हा पहिल्यापासून. नाही दिलं तर...”

“नाही दिलं तर काय?”

बोळाच्या टोकाला मागच्या खोलीचं दार होतं, आणि ते उघडं होतं. तिने रात्री स्वतः कडी लावली होती. दारातून पांढऱ्या पडद्याची एक कड दिसत होती. ती आत ओढली गेली आणि तशीच धरून राहिली.

इतके दिवस तिने फक्त उत्तरं ऐकली होती. आता पहिल्यांदा हाक ऐकली. आवाज तरुण होता, नम्र होता, आणि त्यात तक्रारीचा लवलेश नव्हता.

“सर?”

कॅप्टनची मान उजवीकडे वळली. ओठ सुटले, जीभ टाळूला लागली, ‘हो’ घशात तयार झाला.

तिने कोट जमिनीवर टाकला, दोन पावलांत त्यांच्यापाशी गेली आणि त्यांचं तोंड तळहाताने गच्च दाबून धरलं.

“गप्प बस,” ती म्हणाली, “आणि तिला दुसऱ्यांदा विचारू दे.”